विद्यार्थ्याची पंगत : वारांपासून वसतिगृहापर्यंत



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली प्रसिद्ध होते. कोण पदवीधर झाला, कोणास पहिला वर्ग मिळाला, कोण परगावी उच्च शिक्षणासाठी गेला, हे वाचून प्रत्येक घरास अभिमान वाटतो आणि तो वाटावा हे योग्यच आहे. परंतु या नामावलीत एक गोष्ट कधी छापली जात नाही. हा विद्यार्थी शिकत असताना दोन वेळा जेवत कोठे होता? त्याची भाकर कोण थापीत होते आणि भात कोण शिजवीत होते? विद्येच्या इतिहासात ग्रंथांची, गुरूंची व इमारतींची गणना होते. चुलीची होत नाही. वस्तुतः आपल्यासारख्या समाजांच्या शिक्षणाची कहाणी शाळेच्या फळ्यावरून जितकी कळते, तितकीच भोजनगृहाच्या पाटावरून कळते. जवाहरनगर परिसरातील लहान महाविद्यालयांत आज आपली मुले-मुली शिकत असल्याने आणि वसतिगृहाचा विषय आपल्या बैठकींतून पुनःपुन्हा निघत असल्याने, हा इतिहास थोडा विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

प्राचीन व्यवस्था

विद्यार्थ्याच्या अन्नाचा भार समाजाने उचलावा, ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. मुंजीतील भिक्षावळ आज केवळ विधी म्हणून उरली आहे. एके काळी मात्र तिचा अर्थ अगदी व्यावहारिक होता. शिकणाऱ्याने मागावे व गृहस्थाने द्यावे, असा तो करार होता. पुढे विद्यापीठे मोठी झाली, तेव्हा भिक्षेच्या जागी उत्पन्न नेमून देण्याची पद्धत आली. सातव्या शतकात नालंदा येथे राहिलेल्या ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूच्या वृत्तांतावरून असे दिसते की, त्या विहारास सुमारे १०० गावांचे उत्पन्न तोडून दिलेले होते आणि त्या गावांतील २०० घरे रोज तांदूळ, लोणी व दूध पुरवीत असत. त्याला स्वतःला ‘महाशाली’ नावाचा टपोरा व सुवासिक तांदूळ मिळत असे, याचीही आवर्जून नोंद झालेली आहे. भातपिकाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपणांस हा उल्लेख विशेष गोड वाटेल. तेथे राहणाऱ्यास अन्नाची चिंता नव्हती, म्हणून तो अभ्यास करू शकत होता, असे त्या वृत्तांतातच सूचित केले आहे. तेराशे वर्षांपूर्वीचे हे साधे सत्य आजही जुने झालेले नाही.

वार आणि माधुकरी

महाराष्ट्रात इंग्रजी विद्येचा आरंभ झाला, तेव्हा शाळा शहरात निघाल्या आणि मुले खेड्यांतून येऊ लागली. पुण्यासारख्या ठिकाणी गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी दोन जुन्या वाटा उपलब्ध होत्या. एक म्हणजे वार लावून जेवणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, याप्रमाणे सात वारांची सात घरे मिळाली की आठवडा भरला. एखादा वार रिकामा राहिला, तर त्या दिवशी पाणी पिऊन निजावे लागे. दुसरी वाट माधुकरीची. झोळी व भांडे घेऊन ठरलेल्या घरांपुढे उभे राहावे आणि मिळेल ते शिजलेले अन्न आणून खावे. पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाची स्थापना १९०९ साली झाली. या संस्थेच्या आरंभीच्या काळाशी माधुकरीची स्मृती निगडित आहे. अशा रीतीने शिकलेल्या किती तरी माणसांनी पुढे महाराष्ट्रात नाव काढले. त्यांच्या कष्टांविषयी आदरच वाटला पाहिजे.

तथापि या दोन्ही वाटा सर्वांस खुल्या नव्हत्या, हे आपण विसरता कामा नये. वार लावण्यासाठी शहरात स्वजातीची सात सुखवस्तू घरे असावी लागत. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, विणकराच्या मुलाला अशी सात घरे कोठून मिळणार? आणि ज्याची सावलीही टाळली जात होती, त्या अस्पृश्य मानलेल्या मुलाची तर गोष्टच नको. शेतकऱ्याच्या मुलाची अडचण मोठी चमत्कारिक होती. त्याच्या घरी धान्य होते. परंतु धान्य गावात, शाळा शहरात, आणि दोहोंच्या मध्ये चूल कोठेच नाही, अशी त्याची अवस्था झाली. खाणावळी होत्या, पण त्यांत जातीची विचारपूस होई आणि पैसाही लागे. उरला उपाय हाताने स्वयंपाक करण्याचा. पहाटे उठून लाकडे पेटवावीत, डोळ्यांत धूर घ्यावा, अर्धेकच्चे खाऊन शाळा गाठावी आणि रात्री पुन्हा तेच. या धुरात किती बुद्धिमान मुलांचे शिक्षण विझले, त्याची गणना कोणी केलेली नाही.

पंक्तीचे कुंपण

अन्नाचा प्रश्न केवळ दारिद्र्याचा असता, तर तो दानधर्माने सुटला असता. परंतु त्याच्याभोवती पंक्तिभेदाचे कुंपण होते. हे कुंपण किती उंच होते, हे दोन-तीन प्रसंगांवरून ध्यानी येईल. मुंबईत १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस मंडळीत प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्ती भटारखान्यातील पाव खाऊन आपण जातिबंधन मानीत नाही हे सिद्ध करावे लागे, आणि हे सर्व अत्यंत गुप्तपणे चाले. सभासदांची नावे बाहेर फुटली, तेव्हा ती मंडळीच विस्कळीत झाली. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक इत्यादी मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. त्या प्रकरणाचे ग्रामण्य होऊन ते शंकराचार्यांपर्यंत गेले व प्रायश्चित्तांचा प्रश्न उभा राहिला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. त्यांनाही तेथील हिंदू मुलींसाठी जातिनियम पाळून भोजनाची सोय ठेवावी लागली, कारण तसे न करावे तर मुली पाठविणार कोण?

महाविद्यालयेही यास अपवाद नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात व लंडनमध्ये शिकून आलेले होते. १९१८ साली ते मुंबईच्या सिडेनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी घ्यावे, यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. जेथे प्राध्यापकाच्या पाण्याची ही कथा, तेथे विद्यार्थ्याच्या ताटाची काय असेल, हे निराळे सांगावयास नको.

कोल्हापूरचा मार्ग

या कुंपणातून व्यवहार्य वाट काढली ती राजर्षी शाहू छत्रपतींनी. कोल्हापुरात १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह चालविण्याचा प्रयत्न झाला होता. परंतु अल्पावधीतच ते एका वर्गापुरते उरले. कागदावर दार सर्वांस उघडे होते, पण स्वयंपाकघराचे दार उघडे नव्हते. या अनुभवाने शहाणे होऊन महाराजांनी निराळा विचार केला. प्रत्येक समाजाने आपले वसतिगृह काढावे, दरबाराने जागा, इमारत व अनुदान द्यावे, आणि त्या त्या समाजाने आपल्या मुलांच्या अन्नाची जबाबदारी घ्यावी. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०७ साली लिंगायत विद्यार्थ्यांसाठी आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी ही मालिका वाढत गेली. शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, कायस्थ प्रभू, वैश्य, ढोर-चांभार, सुतार, नाभिक अशा अनेक समाजांची वसतिगृहे पुढील काळात उभी राहिली. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात, ते याच कारणाने.

महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानातील ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. हा आदेश सर्वांस ठाऊक आहे. परंतु वसतिगृहे त्या आदेशाच्या जोडीने पाहिली पाहिजेत. जागा राखून ठेवली, पण त्या जागेवर बसण्याइतका शिकलेला उमेदवारच नसेल, तर आदेश कोरडा राहतो. उमेदवार शिकावा तर तो शहरात राहिला पाहिजे, आणि शहरात राहावा तर त्याला जेवण मिळाले पाहिजे. राखीव जागेचा पाया वसतिगृहाच्या चुलीत होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्यासारखी अनेक ज्ञातिमंडळे याच प्रेरणेने निघाली. म्हणून जातवार वसतिगृहांस आज केवळ नावे ठेवणे हा कृतघ्नपणा होईल. त्यांनी पंक्तिभेद मोडला नाही हे खरे, परंतु पंक्तीबाहेर राहिलेल्यांस त्यांनी स्वतःची पंगत मिळवून दिली. स्वतः शाहू महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थास त्यांनी चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः गाडी थांबवून तेथील चहा घेतला. जातवार वसतिगृह हा मुक्काम नसून मार्गातील धर्मशाळा आहे, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते.

कुंभोजचा विद्यार्थी आणि साताऱ्याची चूल

या मार्गावरील पुढचे पाऊल याच कोल्हापुरातील एका विद्यार्थ्याने टाकले. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील हे कोल्हापुरास जैन वसतिगृहात राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते हजर राहिले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान केल्यावाचून भोजनगृहात पाऊल ठेवू नये, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. एका जेवणाच्या पाटावरून एक विद्यार्थी उठविला गेला, आणि त्या विद्यार्थ्याने पुढे सहस्रावधी विद्यार्थ्यांसाठी पाट मांडले.

१९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकत्र राहत, एकत्र काम करीत आणि एका पंक्तीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. हे नाव मोठे अर्थपूर्ण होते. शाहू महाराजांनी जेथे मार्ग सोडला होता, तेथून तो पुढे नेला जात होता.

या वसतिगृहाचे जेवण म्हणजे भाकरी व कालवण. धान्य गावोगाव फिरून मागून आणावयाचे. घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवण्याची मुष्टिफंडाची पद्धत अशा कामी फार उपयोगी पडे, कारण ती कोणासही जड जात नाही. मुलांनी दळावे, पाणी आणावे, भाकऱ्या थापाव्यात, भांडी घासावीत. कामाची पाळी लावताना जात पाहिली जात नसे. एकदा भाऊराव परगावी असता वसतिगृहातील धान्य संपले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने यापूर्वीच मुलांच्या अन्नासाठी गेले होते. गळ्यात उरलेले मंगळसूत्रही त्यांनी या प्रसंगी मुलांच्या जेवणासाठी दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. रयत शिक्षण संस्थेचा पसारा आज महाराष्ट्रभर आहे. तिच्या हिशेबवहीतील पहिली मोठी देणगी कोणाची, असे कोणी विचारल्यास लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राचे नाव घ्यावे लागेल. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा ‘कमवा व शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणासही लागू झाले. विद्यार्थ्याने श्रम करून आपल्या ताटाचे मोल द्यावे, त्याला ना माधुकरीचा संकोच ना दात्याचे ओझे, हा त्या योजनेचा गाभा होता.

विदर्भ व आपला जिल्हा

आपल्या विदर्भात हे कार्य प्रामुख्याने डॉ. पंजाबराव देशमुख यांनी केले. अमरावतीस त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढून ते सर्व जातींच्या विद्यार्थ्यांस खुले ठेवले, आणि १९२७ साली अंबादेवी मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून चळवळ केली. देवळाचे दार आणि भोजनगृहाचे दार ही दोन्ही एकाच वेळी ठोठावली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते.

भंडारा जिल्ह्यातील मुलाला मात्र उच्च शिक्षणासाठी दीर्घकाळ नागपूर हेच एक ठिकाण होते. तेथे १८८३ साली हिस्लॉप व १८८५ साली मॉरिस महाविद्यालय निघाले आणि १९२३ साली विद्यापीठ स्थापन झाले. रेल्वे झाल्यामुळे नागपूर जवळ आले, पण जेवणाची अडचण जवळ आली नाही. त्या काळी घरून निघालेल्या विद्यार्थ्याबरोबर वळकटी, ट्रंक आणि तांदळाचे पोते असे तीन नग असत. आपल्या जिल्ह्यात वैनगंगेचे पाणी व मालगुजारी तलाव यांच्या आधारावर भात पिकतो. ज्या वर्षी तलाव भरले नाहीत, त्या वर्षी तांदळाचे पोते अर्धे होई आणि एखाद्या मुलाचे शिक्षणही अर्ध्यावर थांबे.

भाताबरोबर गरिबाच्या ताटात लाखोळीची डाळ असे. भाताच्या बांधीत ओलाव्यावर अल्प खर्चात पिकणारी ही डाळ होय. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांना पांगळेपणा येण्याचा धोका असल्याने १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली होती. जुन्या गृहिणी ती डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून देत. त्यामुळे दोष पुष्कळ कमी होतो, हे शास्त्रानेही मान्य केले आहे. जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, झुणका, तलावातील शिंगाडे, हे आपले बाकीचे खाद्य साधे असले तरी हीन नव्हते. परंतु हे सर्व घरच्या चुलीवर. नागपुरातील खोलीत भात आणि वरणाचे पाणी एवढ्यावरच दिवस काढावे लागत.

गोंदिया येथे १९५८ साली मनोहरभाई पटेल यांनी शिक्षण संस्था स्थापन केली. त्यानंतर जिल्ह्यातच महाविद्यालये होत गेली आणि मुलामुलींना घराजवळ शिक्षण मिळू लागले. मुलींच्या बाबतीत तर हा बदल क्रांतिकारक म्हणावा लागेल. मुलगी नागपुरास ठेवण्याचे धैर्य ज्यांना झाले नसते, त्यांनी ती बसने सायंकाळी परत येणाऱ्या महाविद्यालयात घातली.

लहान महाविद्यालयातील भोजनगृहाचे गणित

येथे एक व्यावहारिक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मोठ्या शहरातील मोठ्या महाविद्यालयास जे साधते, ते लहान महाविद्यालयास का साधत नाही? आचाऱ्याचा पगार, इंधन, भांडी, जागेचे भाडे हे खर्च जेवणारे २० असोत वा १०० असोत, फारसे बदलत नाहीत. १०० विद्यार्थ्यांत वाटले गेले तर ते जाणवत नाहीत. २० जणांत वाटले तर ताटातील भाजी कमी करावी लागते. भाजी कमी झाली की दोन-चार विद्यार्थी मेस सोडतात. ते गेले की उरलेल्यांवरील भार आणखी वाढतो, आणि एके दिवशी कुलूप लागते. अनेक लहान भोजनगृहे याच रीतीने बंद पडली आहेत. त्यांत कोणाची लबाडी असतेच असे नाही.

यावर विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेला उपाय म्हणजे वाटणीची मेस. विद्यार्थ्यांनी आपल्यातून एक सेक्रेटरी निवडावा, त्याने बाजार करावा, हिशेब भिंतीवर लावावा आणि महिनाअखेर झालेला खर्च सर्वांनी वाटून घ्यावा. जो गैरहजर राहिला त्याचे खाडे धरावेत, ज्याने पाहुणा आणला त्याच्या नावावर जादा ताट मांडावे. रविवारी सकाळी गोडधोड आणि त्या दिवशी संध्याकाळी चूल बंद, हा तर महाराष्ट्रातील मेसचा अलिखित नियमच झाला आहे. ठेकेदाराच्या मेसमध्ये विद्यार्थी ग्राहक असतो, तर वाटणीच्या मेसमध्ये तो व्यवस्थापक असतो. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी हाच श्रमाचा व सहकाराचा मार्ग पुढे चालविला. खाड्यांचा हिशेब चोख ठेवणारा मुलगा पुढे पतपेढीचा हिशेबही चोख ठेवतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

जवाहरनगर आणि आजची स्थिती

जवाहरनगरचा जन्मच आधुनिक काळातील. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देशाने संरक्षण-उत्पादनाकडे लक्ष वळविले, त्या काळात म्हणजे १९६४ च्या सुमारास येथील आयुध निर्माणी उभी राहिली आणि पंडित नेहरूंच्या नावाची ही वसाहत वसली. २०२१ पासून ही निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या कक्षेत आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले कामगार येथे शेजारी झाले.

कामगारांच्या जेवणाविषयी कायद्याने कोणती दृष्टी घेतली, ते येथे पाहण्यासारखे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह असावे आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी असावेत, अशी तरतूद करण्यात आली. उपाशी माणसाच्या हाती यंत्र सुरक्षित नसते, हे शासनाने मान्य केले. मग उपाशी विद्यार्थ्याच्या हाती पुस्तक तरी कसे स्थिर राहील? त्याच्यासाठी मात्र अशी सक्ती सर्व महाविद्यालयांवर झालेली नाही. परिणाम असा की, आसपासच्या खेड्यांतून सकाळच्या पहिल्या बसने निघालेली मुलगी पोळी-भाजीचा डबा घेऊन येते, आणि ज्याच्या घरी सकाळी चूल लवकर पेटत नाही, तो मुलगा रस्त्यावरील टपरीवर चहा व तर्री-पोहे यांवर दिवस काढतो. याला भोजनाची निवड म्हणता येणार नाही.

शासनाने काही केले नाही असे नव्हे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आणि अल्पभूधारक व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, अशा योजनांतून रोख साहाय्य दिले जाते. ते स्वागतार्ह आहे. तथापि रोख रक्कम म्हणजे जेवण नव्हे, हे एका अलीकडील प्रसंगाने दाखविले. २०१८ साली राज्यातील आदिवासी वसतिगृहांतील मेस बंद करून तिचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यांत जमा करण्याचे धोरण आले, तेव्हा ते नको, आमची मेस परत द्या, अशी मागणी करीत विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे घेण्यापेक्षा ताट मागणाऱ्या या मुलांची गोष्ट आपण नीट समजून घ्यावी. खात्यात आलेला पैसा कधी उशिरा येतो, कधी घरच्या आजारपणात खर्ची पडतो. शिजलेले अन्न मात्र त्याच दिवशी, त्याच मुलाच्या पोटात जाते.

आपले कर्तव्य

समाजबांधवहो, इतिहास वाचावयाचा तो केवळ अभिमानासाठी नव्हे. या सर्व कथनातून तीन गोष्टी मला स्पष्ट दिसतात.

पहिली अशी की, वसतिगृहाचा विचार आपण इमारतीपासून आरंभितो, तो चुलीपासून आरंभावा. साताऱ्याचे वसतिगृह आधी भाकरीवर उभे राहिले, इमारती मागाहून आल्या. कोनशिलेवर नाव कोरून घेणारे दाते सहज मिळतात. रोजच्या डाळीसाठी देणारे दाते मिळवावे लागतात. भाताच्या हंगामात प्रत्येक घराने आपल्या शक्तीनुसार तांदूळ बाजूला काढला, तर चाळीस-पन्नास विद्यार्थ्यांचे भोजनगृह चालविणे आपल्या जिल्ह्यास अवघड नाही.

दुसरी गोष्ट, त्या भोजनगृहाचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती असावा आणि त्यात मुलींचा वाटा बरोबरीचा असावा. मुलींनी शिजवावे व मुलांनी हिशेब पाहावा, ही वाटणी आता नको. पाळी सर्वांना सारखी.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, परंतु ती बोलल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. हे भोजनगृह केवळ आपल्या समाजाचे असावे की सर्वांचे? ज्ञातीच्या स्मरणिकेत हा प्रश्न विचारणे काहींस अप्रशस्त वाटेल. आपल्या पैशांतून आधी आपली मुले जेवावीत, ही भावना स्वाभाविक आहे आणि ती व्यक्त करणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी मला आदर आहे. एके काळी त्यांना कोणी पंक्तीस घेतले नव्हते, ही सल त्यांच्या बोलण्यात असते. परंतु वर सांगितलेला गणिताचा नियम आठवा. एका समाजाचे वीस विद्यार्थी मेस चालवू शकत नाहीत. सर्व समाजांचे शंभर विद्यार्थी ती सहज चालवितात. आणि गणिताहून मोठे कारण असे की, ज्यांना एके काळी पाटावरून उठविले गेले, त्यांनीच दुसऱ्यास उठवावे, हे आपल्या इतिहासास शोभणारे नाही. देणगी आपली असावी, नाव हवे तर आपल्या मंडळाचे असावे, परंतु पंगत सर्वांची असावी.

शाहू महाराजांनी जातवार पंगती मांडल्या, कारण त्या वेळी दुसरा उपाय नव्हता. भाऊरावांनी त्या पंगती एकत्र केल्या, कारण त्यांनी उठविले जाण्याचे दुःख स्वतः अनुभविले होते. त्यापुढचे पाऊल आता आपल्याकडे आले आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत गुणवंतांच्या नामावलीबरोबर ज्या घरांनी विद्यार्थ्यांच्या ताटासाठी तांदूळ दिला, त्यांचीही नामावली छापली जावी, आणि त्या ताटांवर जेवलेल्या मुलांच्या यादीत कोणत्या आडनावाचा कोण, हे शोधीत बसण्याची कोणास इच्छा होऊ नये, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.